आळीपाळीचे पाय

कुमासी, ४ ऑगस्ट

ती. अफ्रियेताईस, सा. न.

तुझी नर्सिंगची शाळा ठीक चालली असेल. मी मात्र लाजेनं अर्धा झालोय. मामांची ट्रोट्रो, ती एवढी प्रवासी गाडी, पहिल्याच दिवशी सुरू करून पुढे नेली, तेव्हा मामा सगळ्यांना सांगत सुटले, भाचा जन्मजात ड्रायव्हर आहे म्हणून. अडतं ते थांबवताना. उजवा पाय ब्रेकवर दाबला, की डावा क्लचवरून आपोआप वर येतो. बाबांच्या केंटे कापडाच्या मागावर लहानपणापासून पायपट्ट्या दाबत तेच केलं ना, एक खाली तर दुसरा वर.

काल बाजाराच्या तोंडाशी गाडी गचका खाऊन बंद पडली आणि टपावरचे मामीचे टोमॅटो रस्ताभर. एका बाईनं विचारलं, काय रे, गाडी चालवतोस की कापड विणतोस? मामा म्हणाले, डोक्यात भुसा भरलाय, महिन्याभरात गाडी थांबवता आली नाही तर गावी जाऊन मागावर बस. पुन्हा त्या मागाला शिवणार नाही, असं बाबांना तोंडावर सांगून आलोय गं मी.

तुझा,
क्वाबेना

तामाले, ११ ऑगस्ट

चि. क्वाबेनास अनेक आशीर्वाद.

भुसा नाही रे वेड्या. आमच्या बाई सांगतात, आधी शिकलेल्याच्या वाटा मेंदूत पडलेल्या असतात. नवं काम त्याच वाटेनं जाणारं असलं तर चटकन येतं. वाट मोडायची असली तर वेळ लागतो. गाडी सुरू करताना एक पाय वर, एक खाली, म्हणून ते तुला सोपं; थांबवताना दोन्ही खाली, म्हणून ते अवघड. भर रस्त्यात घाबरलेले पाय जुन्याच वाटेनं पळणार. गावी जा, मागावर बसून दोन्ही पाय एकदम दाबायला शिक. लाज वाटेल, वाटू दे. बाबा काही खात नाहीत तुला.

तुझी,
ताई

कुमासी, २ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.

गेलो होतो. बाबांनी वर न बघताच विचारलं, ड्रायव्हरसाहेब वाट चुकले वाटतं? मान खाली घालून सगळं सांगितलं आणि मागावर बसलो. दोन्ही पाय दाबले, डावा वर. बाबा म्हणाले, ऊठ, एवढं साधं जमत नाही? स्वतः बसले. त्यांचाही डावा वर आला! ते बराच वेळ पायाकडेच बघत राहिले. आईला हसू आवरेना. मग रोज आम्ही दोघं पाळीपाळीनं बसायचो. त्यांना अजून जमलेलं नाही. मामांना सांगू नकोस म्हणालेत.

काल बाजाराच्या तोंडाशी मी ब्रेक दाबला. बायका आधीच टोपल्या सावरून उभ्या होत्या, ते बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी थांबली. बंद पडली नाही. एक टोमॅटो तेवढा घरंगळला. मामांनी तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या हातात दिला.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
क्वाबेना