एक कॉम्प्युटर, एक मत आणि दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा आता वाकतो का? नसेल वाकत तर नसू दे. हल्ली सगळेच वाकतात, एखादा तरी ताठ राहू दे. मामींचा खोकला थांबला असेलच. माझी प्रकृती संतापाखेरीज उत्तम.

आमच्या इमारतीच्या तळघरात सुतारकामाची सामाईक खोली आहे. करवतीचं यंत्र एक आणि हौशी सुतार चौदा (बरेचसे नुसता आवाज करतात), म्हणून पाळ्यांसाठी आम्ही स्वतःचं क्रिप्टो नाणं काढलं: एक नाणं, एक तास. आमची धाकटी बहीण (नेटवर्कं बांधणं हाच तिचा व्यवसाय) म्हणाली, कोणी कोणाला किती नाणी दिली याच्या नोंदी तिघा विश्वासू माणसांच्याच कॉम्प्युटरवर ठेवा. सत्ता थोड्यांच्या हाती जाईल, पण लबाडाला आत शिरता येणार नाही. मी उभी राहिले. मामा, काय बोलले मी! तिघांच्या मुठीतलं सत्य म्हणजे गुलामगिरी, इथून सुरुवात केली ती सगळ्यांचा चहा गार झाल्यावर थांबले. ठराव झाला: जो कॉम्प्युटर जोडेल त्याला मत, आणि जास्त कॉम्प्युटर म्हणतील ती नोंद खरी. धाकटीने एवढंच विचारलं, “ताई, एकानेच दहा जोडले तर?” मी गरजले, “अविश्वास हाच हुकूमशाहीचा पाया!” टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या.

या गृहस्थाने दवाखान्यातले जुने वीस कॉम्प्युटर आणून जोडले! मग माझ्याकडून स्वतःच्या सत्काराचं भाषण लिहून घेतलं, बदल्यात बारा नाणी दिली, आणि भाषण ठोकून परतल्यावर त्याच्या वीस कॉम्प्युटरांनी एकमुखाने ठरवलं की असा व्यवहार झालाच नाही. जाब विचारला तर म्हणतो, “बाई, बहुमत आहे. तुमचंच तत्त्व!” माझ्या कपाटाच्या फळ्या अर्ध्या कापून पडल्यात, सगळी पुस्तकं जमिनीवर, आणि हे महाशय माझ्या तासांत कुत्र्याचं घर बनवताहेत. (कुत्रा नाही. तो नंतर आणणार म्हणे.) धाकटी हसतसुद्धा नाही, हे जास्त झोंबतं. म्हणते, “अजून वेळ गेलेली नाही, तिघांवर या.” रविवारी पुन्हा सभा आहे. मी तत्त्वापासून तसूभर ढळणार नाही.

तुमची संतप्त भाची

ता. क. दादाच्या बंद पडलेल्या क्लासचे चाळीस कॉम्प्युटर तुमच्या वरच्या खोलीत धूळ खात आहेत ना? रविवारच्या आत तेवढे चालू करून ठेवा. चाळीस नावं मी शोधते, मतंही मीच इथून देईन. विकेंद्रीकरण वाचवायला तुमच्याकडून फक्त वीज हवी.

ता. ता. क. धाकटीला यातलं काही सांगू नका. तिला तत्त्वातलं काही कळत नाही.