खिडकीकडची बाजू

प्रिय घुमे,

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून लाल अक्षरांत अपमान गिळणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींनो, अशी सुरुवात करायचा मोह झाला होता. पण या संघटनेत सध्या सभासद दोनच, तू आणि मी. आपली तक्रारही एकच. हा व्हिडिओचा प्रोग्राम चूक झाली की गप्प बसत नाही, आणि बोलतो ते असं की चूक परवडली. ना बटण, ना चित्र. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा आणि निकालाची वाट बघायची. मी आयुष्यभर व्यवस्थापनाची उत्तरं वाचली, त्यामुळे सवय आहे म्हणा.

आधी आभार मानते. माझ्या तोंडून आभार म्हणजे लांबणार, तेव्हा पाणी घेऊन बस. कामगार संघटनेच्या कपाटात माझ्या भाषणाची ती जुनी टेप सापडली आणि उतरवून घ्यायला तुझ्या स्टुडिओत पाठवली, तेव्हा तू ती परत पाठवशील असंच मला वाटलं होतं. एकोणतीस वर्षं तू माझ्याशी बोलली नव्हतीस. पण फाइल आली, सोबत चिठ्ठी: ‘चित्र खराब आहे. सुधारता येईल. अडलं तर विचार.’ एवढी आठ शब्दांची चिठ्ठी मी दिवसभर पर्समध्ये घेऊन हिंडले. रविवारी माझा सत्कार आहे, त्यात ही फिल्म दाखवायची आहे, हे तुला कळवलं होतंच. सत्काराला येणार नाही, हेही तू एका ओळीत कळवलंस. तुझ्या ओळी पहिल्यापासून आखूडच.

तूच सगळं दुरुस्त करून देत होतीस, पण माझं भाषण मीच धुऊन घेईन असा हट्ट मी धरला. मग तीन आठवडे तुझ्या जिवाला घोर. पहिल्याच दिवशी मी प्रोग्रामला सांगितलं, चित्र आहे तसं उतरव, आणि वर फिल्टर लावून उजळही कर. त्याने साफ नकार दिला. तुझं उत्तर आलं, ‘जसंच्या तसं ठेव आणि बदलही कर, असं एकदम नाही सांगता येत. एक निवड.’ मी हसत सुटले. ही गोष्ट कारखान्याच्या मालकांना कुणी तीस वर्षांपूर्वी समजावली असती तर माझा घसा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी माझ्या हाताला कंगव्याचे दात फुटले. मी टेपमध्ये हात उगारते तेव्हा प्रत्येक वेळी कडेला आडव्या रेषांची झालर. रेषा जुळवणारा फिल्टर लावला, तरी दात तसेच. मी आधी चित्र मोठं करत होते आणि मग रेषा जुळवत होते. तू लिहिलंस, ‘क्रम उलटा झाला. मोठं केल्यावर दोष पक्का होतो. आधी जुळव, मग वाढव.’ हे वाक्य मी लिहून भिंतीवर लावलंय. सूनबाई म्हणाली, “आई, हे संघटनेचं धोरण आहे का?” मी म्हटलं, असायला हवं होतं. तीच मला एकदा कॉम्प्युटरपुढे हात जोडून ‘चाल रे बाबा’ म्हणताना ऐकून गेली. म्हणाली, “मॅनेजरशी एवढ्या मऊ बोलला असतात तर एव्हाना स्वतःच मॅनेजर झाला असतात.”

शेवटचा तुझा सल्ला मात्र मला खटकला. ‘डावीकडची खिडकी काप. काच चमकते, लक्ष तिकडे जातं.’ तुला माझ्या चेहऱ्याचा एवढा पुळका कधीपासून, असं मनात आलं. पण गुरूची आज्ञा. डावीकडचा किती भाग काढायचा ते मोजलं, तो आकडा क्रॉपच्या आज्ञेत घातला आणि एंटर दाबला. फिल्म उघडते तर मी गायब. नुसती खिडकी. वीस मिनिटांचं माझं गाजलेलं भाषण आणि पडद्यावर एक काच.

तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं. क्रॉपला काय टाकायचं ते सांगायचं नसतं, काय ठेवायचं ते सांगायचं असतं. मी जन्मभर काय नको ते ठणकावून सांगत आले. यंत्रालाही तेच सांगितलं, आणि त्याने इमानदारीत ते ठेवलं.

फाइल पुसणार होते, पण खिडकीत काहीतरी हललं. सभा संध्याकाळची, बाहेर अंधारत आलेलं, आत दिवे. काच आरशासारखी झाली होती. त्यात तू होतीस. लग्नाच्या शूटिंगवाल्या तुझ्या थोरल्या भावाचा कॅमेरा तिकाटण्यावर, आणि तू त्याच्या बाजूला, दोन्ही हातांनी काहीतरी डोक्यावर धरून. मी रेषा जुळवल्या, मग चित्र वाढवलं, मग उजळलं, या वेळी क्रम न चुकता. ती भिंतीवरची पाळ्यांची पाटी होती. अक्षरं उलटी दिसत होती. डावं-उजवं पालटणारा फिल्टर तू मला शिकवला नव्हतास. तो मी स्वतः शोधला. खडूने मोठ्या अक्षरांत चार शब्द: ‘संप नको. किल्ली मागा.’

घुमे, मला याचा आत्ता शोध लागला असं लिहिलं तर ते खोटं होईल. टेपमध्ये मी बेमुदत संपाची हाक द्यायला तोंड उघडते, कॅमेऱ्याकडे बघते आणि थांबते. तीन सेकंद. ते थांबणं अजून लोकांच्या तोंडी आहे. पोरं माझी नक्कल करतात तेव्हा तिथेच थांबतात. मी थांबले नव्हते गं. मी वाचत होते. मग वाचलं तेच बोलले.

संप झाला असता तर आठवड्यात मोडला असता, हे मला आज कळतं, तुला तेव्हाच कळलं होतं. खोकी बनवणारा कारखाना, माल चोरीला जातो म्हणून पाळीभर कुलूप लावलेलं मागचं दार. बाकी सगळ्या मागण्यांवर मालक वर्षभर घोळ घालू शकला असता. किल्ली पाळीतल्या बाईकडे द्या, या एका मागणीला नाही म्हणायला त्याच्याकडे कारणच नव्हतं. चौथ्या दिवशी किल्ली मिळाली. पुढच्या वर्षी खोकी चिकटवायचं खळखातं पेटलं तेव्हा पाळीवरच्या मावशीने कमरेची किल्ली काढली आणि सेहेचाळीस बायका मागच्या दाराने बाहेर पडल्या. एकीलाही काही झालं नाही. त्या रात्री त्यांनी माझ्या गळ्यात पडून आसवं गाळली, आणि मी ती घेतली.

सभा संपल्यावर कुणीतरी विचारलं होतं, “ताई, हे सुचलं कसं?” मी म्हटलं, “आतून आलं.” तू दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस, वायर गुंडाळत. मान वर केली नाहीस. दुसऱ्या दिवशी कॅमेरा भावाकडे गेला आणि महिन्याभरात तू गाव सोडलंस. ‘आतून आलं’ हे मी इतक्या व्यासपीठांवरून सांगितलं की मलाच पटलं. आणि तू परवा काय सांगितलंस, तर खिडकी काप. माझी लाज झाकायला निघालीस, तीही तांत्रिक सल्ला देऊन. तुझे आभार कुठल्या शब्दांत मानावेत, हे भाषणांवर जगलेल्या या बाईला सुचत नाही.

म्हणून फिल्म मी अशी केली आहे. खिडकी कापलेली नाही. मी थांबते तिथे चित्र थांबतं, काच मोठी होते, अक्षरं सुलट होतात, आणि सभागृहातला प्रत्येकजण तुझी पाटी वाचतो. ती तीन सेकंद नाही, दहा सेकंद ठेवली आहे, मागच्या रांगेतल्या मावशीला आता कमी दिसतं. तुला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. पण ही माझी कबुली आहे, आणि तू आलीस न आलीस तरी मी ती देणार. खरं तर हे पत्र त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी लिहिलं. कारखान्याने ते दार आता काढून टाकलं, आणि त्याची किल्ली रविवारी मला भेट देणार आहेत. माझं नाव पुकारतील तेव्हा मी खुर्चीतून हलणार नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात ये, सगळ्यांसमोर वर चढ आणि ती किल्ली तुझ्या हाताने घे.

तुझीच,
भोंगा