सौमित्रच्या खटक्याची व्यवस्था

मी, मृणालिनी गजानन नाबर, वय ७३, निवृत्त आरेखक, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही. डॉक्टरांनी त्याबद्दल जे सांगितले ते मला समजले आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मी अविवाहित आहे. थोरला भाऊ वसंत वारला. धाकटा भाऊ सौमित्र, वय ६६, माझ्याबरोबर राहतो. वसंतचा मुलगा पुष्कर माहीमला राहतो. एवढेच माझे लोक.

२. चाळीतील तिसऱ्या मजल्यावरच्या दोन्ही खोल्यांचा भाडेहक्क सौमित्रला. पुनर्विकासाच्या कागदावर त्याने सही करावी. पण लिफ्ट असलेली पर्यायी जागा हातात आल्याशिवाय खोली सोडू नये. बिल्डरचा माणूस "काका, थोडं ॲडजस्ट करा ना" म्हणेल. सौमित्र भिडस्त आहे. करू नये.

३. बँकेतील ठेवी सौमित्रला. आईच्या पाटल्या पुष्करची मुलगी मनवा हिला. तिच्या वडिलांशी माझे जे आहे ते तिच्याशी नाही.

४. आतल्या खोलीत टेबलावर मिलिंग मशीन आहे. ते फिरत्या पात्याने धातू कोरते. पात्याने कुठे आणि किती खोल जायचे ते शेजारचा कॉम्प्युटर सांगतो.

सौमित्रला लहानपणी पोलिओ झाला. तो पायाला कॅलिपर लावून चालतो. उभे राहिले की गुडघ्याशी एक पोलादी खटका पडतो आणि पाय ताठ राहतो. बसताना तो उचलायचा. हा खटका झिजतो. त्याच्या वाकड्या गुडघ्याला बसणारा नमुना करणारे कारागीर दुकान बंद करून गावी गेले. नवे प्रकार आणले, ते त्याला टोचले. तेव्हा मी जुना नमुना कागदावर उतरवला आणि भविष्यनिर्वाह निधीतून मशीन घेतले. वसंत म्हणाला होता, "निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. तू लोखंड आणलंस."

मशीन मी सौमित्रला देते. चालवायचे पुष्करने. सौमित्रने शेजारी बसून शिकावे. "ताई आहे ना" हे वाक्य त्याने आता बंद करावे.

५. कॉम्प्युटर फार जुना आहे. कधी मध्येच थिजतो आणि लावलेले पोलाद वाया जाते. तो बदलायला हवा हे पुष्करचे म्हणणे बरोबर होते. गेल्या दसऱ्याला त्याने नवा आणला. पुढे जे घडले त्याची निरनिराळी वर्णने नात्यात फिरत आहेत, म्हणून येथे लिहिते.

नवा कॉम्प्युटर खंडेनवमीच्या दुपारी घरात आला. मशीन आणि जुना कॉम्प्युटर सकाळीच पूजेला बसले होते. दोघांवर झेंडू, दोघांना कुंकू. मी म्हटले, जुना एकदा सुरू करून त्यात काय काय आहे ते बघून घेऊ.

सौमित्र म्हणाला, "ताई, आज हात लावायचा नाही. आईच्या वेळेपासून आपण आज कात्रीसुद्धा उचलत नाही."

"आत्या, ड्रॉइंग आहे माझ्याकडे," पुष्कर म्हणाला. "उद्या मुहूर्तावर जोडून टाकतो. काका, चालेल ना?"

"अरे, दसऱ्याला नाही तर काय पितृपक्षात जोडणार?"

पोलाद ज्यावर बसवतात ते मशीनचे टेबल सरकवणारा स्क्रू झिजलेला आहे. दिशा बदलली की तो आधी थोडा रिकामा फिरतो, मग टेबल हलते. ही ढील किती, ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरलेले होते. ड्रॉइंगमध्ये ते नसते, म्हणून नव्यात ते गेलेच नाही. दसऱ्याला नव्या कॉम्प्युटरने खटका कोरला. दिसायला सुबक. सौमित्रने बसवला, पाय ताठ झाला, आम्ही तिघेही हसलो. तो आपट्याची पाने घेऊन सोने द्यायला निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खटका सुटला.

मांडीचे हाड मोडले. टॅक्सीत पुष्कर रडत होता. सौमित्र त्याला म्हणाला, "रडतोस काय? पाय माझा आहे. ड्रायव्हरला सांग, खड्डे चुकव."

दुसऱ्या दिवशी मी नवा कॉम्प्युटर खोक्यात भरून माहीमला परत पाठवला. पुष्कर घरी आला तेव्हा दार शेजारच्या सीमाने उघडले. मी आतच बसून राहिले. आता तो सौमित्रला फोन करतो. मी त्याला माफ केलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

तरीही हे काम त्याच्याकडेच देते. तो चुकला आहे, आणि कशामुळे ते त्याला माहीत आहे. दुसरा कोणी नव्याने चुकेल, आणि पडेल सौमित्र.

६. पुष्करने तेच खोके परत आणावे. ढिलीचा आकडा मी येथे लिहीत नाही. स्क्रू झिजतच राहतो. आज लिहिलेला आकडा उद्या खोटा ठरेल. मशीनच्या टेबलाला मापाची डायल लावून ढील स्वतः मोजावी. आधी लाकडात कोरावे, मग पोलादात. खटका बसला की सौमित्रने पलंगाला पाठ करून उभे राहावे आणि पुष्करने त्याचा गुडघा मागून ढकलून पाहावा. जोराने. सौमित्र शिव्या देईल. तरी ढकलावा.

७. नव्या कॉम्प्युटरवर केलेला खटका पावसाळाभर टिकला की जुना कॉम्प्युटर भंगारात द्यावा. आठवण म्हणून ठेवू नये. खोली लहान आहे.

८. माझे क्रियाकर्म सौमित्रने करावे. "या पायाने मी तुला कसा पोचवणार, ताई?" असे तो परवा जेवताना म्हणाला. मी विषय बदलला. उत्तर येथे देते.

कपाटात माझ्या साड्यांखाली एक खटका ठेवला आहे. जुन्या कॉम्प्युटरवर मी तो या महिन्यात कोरला. त्याच्या पायावर लावून, ढकलून पाहिला आहे. कशासाठी ते त्याला सांगितलेले नाही. त्या दिवशी तोच लावावा. खांदा देण्याचा हट्ट सौमित्रने करू नये. त्याने मडके धरून पुढे चालावे. जिन्यात पुष्करने त्याच्या एक पायरी खाली, तोंड त्याच्याकडे करून, उलट उतरावे. काका थांबले की त्यानेही थांबावे. मागून मला आणणाऱ्यांनी सौमित्रच्या पुढे जाऊ नये. घाई करू नये.

या मृत्युपत्राप्रमाणे सर्व होते की नाही हे पाहण्याचे काम सीमा पेडणेकर यांनी स्वीकारले आहे. वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. त्यांना यातून काही मिळत नाही.

सही: मृणालिनी गजानन नाबर

साक्षीदार:
सीमा पेडणेकर, शेजारी
डॉ. सलोनी करंदीकर, ज्यांनी आज सकाळी मला तपासले

स्थळ: परळ, मुंबई
दिनांक: १० ऑगस्ट २०२५