डुकरिणीचे टॉनिक आणि पिल्लांचे कान

दि. २ जुलै

चि. डॉक्टरीण पुतणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी, तुझा सख्खा काका, ज्यास सर्व तात्या म्हणतात, वय वर्षे बाहत्तर, शिक्षण चौथी पास, धंदा डुक्करपालन, पूर्ण शुद्धीत लिहून कळवितो की, आपली थोरली डुकरीण पुन्हा गाभण आहे. मागील वेताची हकीकत तुला ठाऊक आहे. नऊ पिल्ले जन्मली. तीन आठवड्यांत धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी पडून धापा टाकू लागली व पाच दगावली. वास्तविक त्याच वर्षी मी शेडमध्ये सिमेंटची फरशी केली होती. तीवर पान मांडून जेवावे, इतकी ती स्वच्छ असते.

या खेपेस मी मूळच पकडले आहे. आईत रक्त, तर पिल्लांत रक्त. सबब डुकरिणीस रोज आंबोणातून लोहाचे टॉनिक देतो. तुझी काकू म्हणते, पन्नास वर्षांच्या संसारात तिला कधी खोकल्याची बाटलीसुद्धा आणून दिली नाही. मी दुर्लक्ष केले. आताही पिल्ले गेली, तर शेडला कुलूप लावीन, असे मी बोलून बसलो आहे. तुझा सल्ला नको, केवळ संमती कळवावी. लोभ दाट आहेच. तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा काका

दि. ९ जुलै

ती. तात्यांस सा. न. वि. वि.

संमती अर्धीच देते. गाभण डुकरिणीला लोह हवेच, पण मापात. बाटली उपडी करू नका. मात्र त्यातले पोटातल्या पिल्लांना फार थोडे पोचते आणि दुधातून तर जवळजवळ नाहीच. पूर्वी तुमची पिल्ले माती उकरायची, तोंडात घालायची, त्यावर त्यांचे भागायचे. फरशीने ती वाट बंद झाली. फरशी छानच आहे हो, रागावू नका. रागावलात हे मला इथून दिसते आहे.

जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी प्रत्येक पिल्लाच्या मानेत लोहाचे एक इंजेक्शन द्यायचे, बस. औषध पाठवते आहे. तुमच्याकडच्या जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर येऊन टोचतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. काकूंसाठी खोकल्याची बाटली वेगळी ठेवली आहे. माझ्यावरची माया सिमेंटसारखी कडक होऊ देऊ नका.

तुमची पुतणी

दि. १० ऑगस्ट

चि. पुतणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

डुकरीण २५ जुलैस व्याली. दहा पिल्ले. तिसऱ्या दिवशी कंपाउंडर आले. मी त्यांना दारातूनच परत पाठविले. आईस सहा बाटल्या पाजल्यावर लेकरांना सुया कशास, असे त्या शिकल्यासवरल्या गृहस्थांस सुनावले.

नवव्या दिवशी सकाळी काकूने सर्वांत लहान पिल्लू माझ्या हाती दिले व त्याचा कान उन्हाकडे धरावयास सांगितले. कान कागदासारखा झाला होता; पलीकडचे माझे बोट त्यातून दिसत होते. काकू एवढेच म्हणाली, बाजारात जाणारच असाल तर कुलूप जरा बऱ्यापैकी आणा.

मी बाजारात गेलो नाही. दवाखान्यात गेलो. रांगेत बारा माणसे होती. त्यांच्यादेखत कंपाउंडरांस म्हणालो की, मी चुकलो. हे वाक्य आयुष्यात प्रथमच उच्चारीत असल्यामुळे मध्ये अडखळलो. ते पेटी घेऊन माझ्याबरोबर निघाले.

दहाही पिल्लांस टोचले. आज आठ दिवस झाले. कान गुलाबी आहेत, दुधासाठी मारामाऱ्या चालू आहेत. सर्वांत लहान ते सर्वांत भांडखोर निघाले. काकू म्हणते, ते माझ्या वळणावर गेले. सबब शेड चालू राहील.

ही कबुली मी, काकू वगळता, कोणाच्याही दबावाखाली दिलेली नाही. उणेअधिक पोटात घालून माया राखावी.

तुझा काका

टोचतेसमयी हजर साक्षीदार: तुझी काकू, जिने दहाही पिल्ले धरली, कंपाउंडर, जे बोलण्याचा हक्क असूनही बोलले नाहीत, आणि खुद्द डुकरीण, जिने अंगठ्याऐवजी माझ्या पोटरीवर दातांची निशाणी केली.