लमारचं तळं आणि दोन उमेदवार

८ जानेवारी

बुफोर्ड टिडमोर परत आला. हातात नारळाचा केक, गाडीमागे बोट. केक माझ्यासाठी, बोट तळ्यासाठी.

लमार गेल्यापासून या तळ्यात कुणी गळ टाकला नव्हता. माझ्या नवऱ्यानं हौसेनं खणून घेतलेलं तळं, त्यात लेकरांसारखे वाढवलेले बास मासे — अलाबामात अशी गोष्ट लपून राहत नाही. आता बुफोर्डला एकाएकी माझी काळजी वाटायला लागली आहे. एकट्या बाईनं एवढा पसारा कसा सांभाळायचा, म्हणतो. पसारा म्हणजे मासे.

केक मात्र चांगला होता. 'घरी केलाय' म्हणाला. खालच्या पुठ्ठ्यावर दुकानाचं नाव होतं.

११ जानेवारी

आता दुसराही!

व्हर्जिल स्टॉलिंग्ज. शाळेत बँड शिकवायचा, आता घरीच असतो. चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गातो. फाटकाशी उभा, टोपी छातीशी धरून. गळाची काठी इतकी नवी की मुठीवरचं प्लॅस्टिक तसंच. म्हणाला, हरकत नसेल तर थोडा प्रयत्न करून बघतो.

केला प्रयत्न. पहिला गळ पाइनच्या झाडात. दुसरा स्वतःच्या टोपीत. तिसरा बुफोर्डच्या पॅंटला, मागून. बुफोर्ड काठाशीच बोटीत वाकून मासे दाखवणाऱ्या यंत्रात डोकं घालून बसला होता. व्हर्जिलला वाटलं असणार, चांगला मोठा लागला. त्यानं सगळा जोर लावून ओढलं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. हातातलं फडकं तोंडात कोंबलं, तरी हसू बाहेर पडलंच. शिवायला पॅंट माझ्याकडेच आली. तोवर बुफोर्ड लमारच्या जुन्या झग्यात, पाय जोडून, सोफ्यावर.

१२ जानेवारी

नडीनचा फोन. धाकटी असून मोठ्या बहिणीसारखी बोलते. "हसतेस काय बाई? तुझ्यासाठी येतायत का तळ्यासाठी, ते बघ आधी."

तळ्यासाठीच गं. मला काय कळत नाही?

१९ जानेवारी

काल अर्ध्या बाह्यांत फिरत होते, आज दाराची कडी बोटांना चिकटते. हवेचं डोकं ठिकाणावर नाही.

बुफोर्डनं काठावर उभं राहून व्याख्यान दिलं. गारठा पडला की बास तळाशी जाऊन सुस्त बसतात. गळाला लावलेली अळी अगदी सावकाश ओढायची, त्यांच्या नाकापुढून, जशी काही घाईच नाही. वादळ यायच्या आधी मात्र हपापल्यासारखे खातात. मग मला विचारलं, बांधाजवळ खोली किती.

व्हर्जिलनं विचारलं, मी संध्याकाळी एकटी काय जेवते.

खरं ते सांगितलं. दूध आणि मक्याची भाकरी, उभ्या उभ्या, सिंकपाशी. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी कुणी गेल्याचं सांगितलं. मासा अजून एकही नाही त्याला.

२७ जानेवारी

आजचं लिहायलाच हवं. नडीनला सांगितलं तर ती अख्ख्या गावाला सांगेल.

बुफोर्ड मला बोटीत घेऊन गेला. तळ्याच्या मधोमध इंजिन बंद केलं, काठी दोन गुडघ्यांत धरली आणि माझा हात हातात घेतला. म्हणाला, "ओपल, आपलं वय काही वाट बघायचं नाही. मी किती दिवस मनात ठेवलंय, तुम्ही जर माझ्याशी —"

आणि काठी वाकली.

हात सोडला. सोडला कसला, झटकला! मी बाकावरून जवळजवळ खाली. मग जाळं द्या, तिकडे सरका, हलू नका. मासा वर आला, मोठाच होता. त्यानं तो तोलला, मोजला, माझ्याकडून फोटो काढून घेतला, दुसरा काढायला लावला कारण पहिल्यात मासा लहान दिसत होता. माशाच्या तोंडाचा मुका घेतला आणि पाण्यात सोडला. काठावर येईपर्यंत त्या माशाचंच बोलत होता.

वाक्य तसंच राहिलं. आठवलंच नाही त्याला!

रागापेक्षा वाईट वाटलं. तळ्यासाठी येतो हे माहीत होतं. पण हात धरल्यावर क्षणभर मी विसरले होते.

२९ जानेवारी

आभाळ भरून आलंय, वारं दक्षिणेचं, घाम यावा इतकं उबदार. उद्या बर्फाचं वादळ म्हणतात.

लमारची काठी काढली. का ते विचारू नये. बांधावर उभी राहिले, अळी टाकली, सावकाश ओढली. काही नाही. परत टाकली. मग पाण्याखालून कुणीतरी दार ठोठावावं तसं — टक! आणि एकदम सगळं जड.

कसा काढला देव जाणे. गुडघ्यापर्यंत पाण्यात होते, आणि मोठमोठ्यानं बोलत होते त्या माशाशी. सोडून दिला. आणि लगेच दुसरी अळी लावली. लमार इतकी वर्षं इथे नुसता बसतो असं मला वाटायचं!

३१ जानेवारी

वादळ झालं. काचेसारख्या फांद्या, वीज गेलेली. लमारच्या खुर्चीत बसून विचार केला, आणि वीज आल्यावर दोघांनाही फोन केला. सांगितलं, गारठ्यानं मासे मेले. एकूण एक.

खोटं. तळ्यावर बर्फाचा पापुद्रासुद्धा नव्हता.

 बुफोर्ड म्हणाला, फार वाईट झालं, आणि हो, रविवारी त्याला मुलीकडे जायचंय. त्याच्यापुढच्या रविवारीही.

व्हर्जिलनं एवढंच विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

२ फेब्रुवारी

दुपारी व्हर्जिलची गाडी. उतरला तो मांड्यांपर्यंत ओला, दात वाजतायत. मागच्या सीटवर सहलीचा बर्फाचा डबा, त्याला मुलासारखा पट्टा बांधलेला. आत दोन जिवंत बास. उत्तरेकडे मासे पैदा करणाऱ्या कुणाकडून आणले. वाटेत वळणावर झाकण उडालं, एक मासा त्याच्या मांडीवर आला, आणि हा गाडी चालवत त्याच्याशी गाण्यात बोलत आला, म्हणे घाबरू नये म्हणून.

"तळं रिकामं बघून तुम्हाला करमणार नाही," म्हणाला. "दोघांपासून होतील हळूहळू."

 त्यानं काठावर डबा उलटा केला. पोहत गेले दोघंही. मी रडले. त्याला वाटलं, माशांसाठी.

४ फेब्रुवारी

सांगून टाकलं. जेवायला बोलावलं, पातळ भाजी वाढली आणि म्हटलं, मी खोटं बोलले, एकही मासा मेला नाही.

त्यानं चमचा खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, त्यालाही एक सांगायचंय. मासेमारी त्याला मुळीच आवडत नाही. गळाला मासा लागेल या भीतीनं तो मुद्दाम गळ भलतीकडेच टाकायचा. बुफोर्डची पॅंट मात्र खरोखर चुकून.

"मग आलात कशाला?"

"फाटकाशी येऊन दुसरं काय म्हणायचं, ते सुचेना."

६ फेब्रुवारी

व्हर्जिलनं विचारलं, यापुढे काठी न आणता आलं तर चालेल का, नुसतं स्वयंपाकघरात बसायला. म्हटलं, बसा की, कॉफी शेगडीवर आहे. मी लमारची काठी घेऊन बांधावर चालले, येते अंधार पडेस्तोवर — दक्षिणेचं वारं सुटलंय.