बाह्य पदार्थ, एक नग

तीर्थस्वरूप भागिरथाबाईले धाकल्या बहिणीचा, सोजरचा, तुह्या धनज गावाकडं तोंड करून नमस्कार. तुह्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. माहा गुडघा बरा आहे, पण सुनेसमोर लंगडावं लागते, नाही तर ती कामाले लावते. पत्र लिहून घेऊन राह्यली ते शेजारची विजयमाला. (गावात लिहिणाऱ्या चार जणी आहेत, तरी हिलेच बोलावलं. काहून, ते पुढं कळंल. तिले सांगून ठेवलं, तू हातानं लिह, कानानं ऐकाची सक्ती नाही.)

मागच्या महिन्यात तू आठ दिवस राहून गेली, तवा सरगुंड्याचा कारखाना पाहिलाच. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळाची, वाळवाची, काडी ओढून घ्याची, अन् आंब्याच्या रसासंगं जावयापुढं ठेवाचे, एवढ्याले आता कारखाना म्हणतात. पयले गावातली एकोणीस घरं आपापलं गाठोडं घेऊन रिसोडले जात. दुकानदार मले सांगे, ललिताबाई स्वस्त देते. ललिताबाईले सांगे, सोजर त्याहून स्वस्त देते. दोघीले पटे. शेजारणीबद्दल कोणी काही सांगतलं तर आपल्याले पटतेच. मंग माह्या सुनेनं, मंजुषानं, एकोणीस घरं एका ठिकाणी आणली अन् क्लस्टर काढलं. वाशिमहून एक साहेब आला, त्यानं दोन घंटे समजावलं. मी विचारलं, म्हंजे आज तुह्या ओसरीवर, उद्या माह्या ओसरीवर, तसंच ना? तो म्हणे, जवळपास. याले आपली माय सावड म्हणे. पाटी लावली म्हणून क्लस्टर झालं. (पण खोटं कायले बोलू, फरक पडला. एकच कणीक, एका जाडीच्या काड्या, डब्यावर एकच नाव, अन् गिऱ्हाईक धुंडाले अनुप नावाचा एक शिकलेला माणूस, जो दिवसभर फोनवर बोलते अन् त्याले काम म्हणतात.) पुण्याच्या प्रदर्शनात एकोणिसाईनं मिळून एक दुकान लावलं. एकटीच्या घरानं तर तिथलं टेबलही परवडलं नसतं. तिथं दुबईचा एक व्यापारी वाटीभर खाऊन गेला अन् म्हणे, वर्षाले किती देऊ शकता? एकटी असती तर कोणीही घेरी येऊन पडली असती. मंजुषाच्या मागं एकोणीस घरं होती, तिनं विचारलं, तुमाले कधी पाहिजे? तवापासून रिसोडचा दुकानदार पयले नमस्कार घालते.

आता मुद्द्याचं. दुबईच्या आधी मुंबईले तपासणीसाठी एकोणीस डबे धाडाचे होते, प्रत्येकावर घराचा नंबर, म्हंजे ज्याची चूक त्याच्या गळ्यात. डबे आमच्या ओसरीवर गाडीची वाट पाहत होते, मंजुषा कागद आणाले गेली होती, तू आतमध्ये झोपली होती. मी पाहिलं, एवढं खाणं शिव ओलांडून समुद्रापार चाललं, वाटंत हजार डोळे लागतीन, अन् आतमध्ये काळं म्हणून काही नाही. आपली माय शेजारच्या गावाले दही धाडताना गाडग्यापाशी कोळसा ठेवल्याशिवाय राहत नव्हती. चुलीत एकच बरा कोळसा निंगाला. तो मी धुतला, पुसला (स्वच्छतेचं शिक्षण मीही टोपी घालून घेतलं आहे), अन् विचार केला, कोणत्या डब्यात ठेवू? माह्या सुनेच्या सरगुंड्याले नजर लागाचं भेव नव्हतं. सगळ्यात देखणे सात नंबरचे, एकसारखे, जसे सोनारानं ओढले. नजर लागली तर त्याईलेच लागंल. चिकटपट्टी उचकली, कोळसा ठेवला, पट्टी परत लावली.

सात नंबर म्हंजे विजयमाला. (इथं तिचा पेन थांबला. "हेपण लिहू?" म्हणे. लिह म्हटलं, तुहंच नाव आहे.)

मुंबईहून कागद आला: बाकी सगळं उत्तम, डबा नंबर सात, बाह्य पदार्थ, कोळसा, एक नग. मी अनुपले विचारलं, घरच्या चुलीतला कोळसा बाहेरचा कसा? तो मले गमतीची बाई समजला अन् हासला. दुबईवाल्यानं सगळ्याईची ऑर्डर थांबवली. म्हणे, ज्याच्या हातून झालं त्यानं कसं झालं ते लिहून, खाली सही करून आठ दिवसात द्यावं. नाही तर हे घर बाहेर काढा, मंग बोलू. बैठक बसली. विजयमाला एवढंच म्हणे, "माह्या घरी चूल नाही, गॅस आहे." एवढा मोठा पुरावा अठरा बायांच्या गलक्यात वाया गेला. तिच्या दोन पोरी वाशिमले शिकतात त्या याच काड्याच्या भरवशावर, हे सगळ्याईले ठाऊक. तरी तिले बाहेर काढाले हात वर झाले. तू म्हणशील, सोजर, तू काहून बोलली नाही? माह्या तोंडात तवा सुपारी होती. ती सुपारी आज सहा दिवस झाले, गिळल्या जाऊन नाही राह्यली.

घरच्या समद्याईले आशीर्वाद.
तुही सोजर (अंगठा खाली उठवला आहे)

ता. क. एक बारीकसं काम आहे. तू त्या दिवशी इथंच होती. "कोळसा मी, भागिरथानं, ठेवला" असं एका कागदावर लिहून घे, अंगठा लाव अन् उद्याच्या एसटीनं धाड. त्यानं विजयमाला परत आत येते, म्हणून तिलेच लिहाले बसवलं. तू क्लस्टरमध्ये नाही, तुले कोणी काढू शकत नाही, अन् दुबईवाला धनजले येत नाही. माहं नाव निंगालं तर मंजुषाची अध्यक्षपदाची खुर्ची हालते, अन् त्या खुर्चीसंगं माहा चहा. तसंही कोळश्याची शिकवण तूच मले दिली, मी तर त्यावेळी चार वर्षांची होती.

ता. क. दुसरा. भागिरथामावशी, नमस्कार. हे सोजरमावशीनं सांगतलेलं नाही, मी माह्या मनानं लिहून राह्यली. तुमी काहीच धाडू नका. कसं झालं ते वर आहे, ज्याच्या हातून झालं त्याचा अंगठा खाली आहे. फोटो काढून मंजुषाले अन् अनुपले आत्ताच धाडला. "सगळ्यात देखणे सात नंबरचे" याच्याखाली रेघ मी मारली. मावशी विचारून राह्यल्या, एवढं काय लिहितं? म्हटलं, पत्ता.