बक्षीणीचं सोनं

भादवा सुद ८, संवत १९८५

मेली मुद्दाम पाय आपटत चालते! आज रावळ्यात – जनानखान्यात – राणीसांच्या पूजेला सगळ्या बायका जमलो होतो. उगमकंवर – माझी थोरली जाऊ – सगळ्यांत शेवटी आली. तिच्या पायातला सोन्याचा लंगर वाजला तशा सगळ्या माना वळल्या. राणीसांनी तिला गादीवर शेजारी बसवलं. मी दाराशी, चांदीवालींच्या रांगेत.

पायात सोनं घालायचं तर दरबारांचा, खुद्द महाराजांचा, हुकूम लागतो. अख्ख्या खेरगढात तो मान एकाच घराला, बक्षींच्या. म्हणजे आमच्याच! पण फक्त बक्षीच्या बायकोला. चूल एक, सासू एक, पाय मात्र वेगळे.

भादवा सुद १२

ह्यांना विचारलं, बक्षी नेमकं करतो तरी काय? हसले.

"दिल्लीच्या बादशहाकडे फौजेचा पगार वाटायचा तो बक्षी. आपल्या दरबारांनी तो शब्द उचलला. तेव्हा फौज होती. आता दसऱ्याला चाळीस म्हातारे तलवारी पुसून उभे राहतात, आणि दादासा त्यांना विडे देतात."

विडे वाटणाऱ्याच्या बायकोला एवढा तोरा!

आसोज वद ३, पितृपक्ष

थोरल्यांचे डोळे गेल्यातच जमा. काल तबक समजून समईलाच हात घातला म्हणे. त्यांना मूलबाळ नाही. दरबारात बोलणं चाललंय – बक्षीगिरी धाकट्याला द्यायची. धाकटे म्हणजे आमचे हे! चेहरा पाडून बसले होते मी. पण आनंद पोटात मावत नाही.

आसोज वद ९

उगमकंवरची हिंमत बघा! चुलीपाशी माझा हात धरला.

"लाडी, भाईसांना बक्षीगिरीला नाही म्हणायला लाव. तुला लेक आहे."

"का, भाभीसा? लेकुरवाळीला सोनं शोभत नाही?"

"हत्तीच्या पायात साखळदंड असतो ना गं, त्यालाही लंगरच म्हणतात."

एवढं बोलून चूल फुंकायला लागली. जळते! इतकी वर्षं मिरवलं, आता सोडवत नाही. हिची आई वारली तेव्हासुद्धा ही माहेरी गेली नाही. गादीवरची जागा जाईल ना! सगळं गाव थुंकलं होतं. हिचं काय ऐकायचं?

आसोज सुद २

मेडत्याहून सांगावा आला. माझ्या फूलीला सातवा सरतोय. मागचं मूल गेलं, म्हणून वैद्याने या खेपेला गाडीत बसायला मनाई केलीय. माहेरी कशी येणार पोर? "माँसा, तुम्हीच या. मला भीती वाटते," म्हणते.

येते गं बाई! दिवाळी झाली की लगेच. डिंक निवडायला घेतला. सोन्याच्या पायांनी येईन – तुझ्या सासूचे डोळे पांढरे होऊ देत!

आसोज सुद १०, दसरा

झालं. ह्यांच्या डोक्यावर बक्षीची पगडी आली.

सोनाराने उगमकंवरच्या पायातल्या लंगराचा खिळा ठोकून काढला. तिथेच तो माझ्या पायात घातला आणि नवा खिळा ठोकला. ती घोट्यांवरचे काळे वळ चोळत बसली होती. वाटलं, आता रडेल. तिच्या तोंडावर हसू होतं!

मग रावळ्यातल्या म्हाताऱ्या दासीने माझ्या कानाला तोंड लावलं. "बक्षीणसा, आता सूरजपोळीबाहेर, गावाच्या वेशीबाहेर, पाऊल नाही हं. धनी बक्षी आहेत तोवर."

मला थट्टाच वाटली.

"अख्खी फौज बक्षीच्या मुठीत असायची. तो फितूर झाला तर? म्हणून बायको गावात अडकवायची. बादशहा लेकरं ओलीस ठेवायचे, आपल्याकडे बायको. हे बाहेर बोलायचं नाही. मान आहे हा!"

घरी येऊन ह्यांना विचारलं. ह्यांना ठाऊक होतं!

"सोनं सोनं करत होतीस ना?" म्हणाले, आणि पगडी खुंटीला अडकवली.

आसोज सुद १४

राणीसांचे पाय धरले. लेकीसाठी, एकदाच जाऊ द्या! त्यांनी मला उठवून गादीवर शेजारी बसवलं. स्वतःच्या हाताने विडा दिला. "रीत आहे, बक्षीणसा." चांदीवाल्या माझ्याकडे टकामका बघत होत्या.

उगमकंवरही अशीच पाया पडली असेल. आईसाठी. आणि मी तिला काय काय बोलले होते.

विडा तसाच पदरात बांधला.

काती वद ६

झोप नाही. कूस बदलली की वाजतं.

काती सुद ३

जाऊबाई गेल्या मेडत्याला. मी बोलायच्या आधीच गाडी जुंपून घेतली होती. "तुझी फूली ती माझी नाही का? लाडू कुठे ठेवलेस?" सूरजपोळीशी पहारेकऱ्याने मला वाकून मुजरा केला – आणि भाला आडवा धरला. ती पलीकडे गाडीतून उतरली, माझ्याकडे बघून हात हलवला, आणि बैलांच्या पुढे अनवाणी चालत सुटली. जरासुद्धा आवाज नाही! मेलीचे पाय किती हलके पडत होते.